बंद पडल्यानंतरचे पहिले मिनिट

प्रश्न : माझ्याकडे बागेतले गवत कापण्याचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्याचे इंजिन पेट्रोलवर चालणारे, एका सिलिंडरचे आणि हवेने थंड होणारे आहे. गेल्या हंगामापासून ते अधूनमधून बंद पडते. कधी खड्ड्यातून जाताना एकदम बंद होते आणि लगेच चालू होते. कधी २०-२५ मिनिटे नीट चालून बंद पडते आणि पाव तास थांबल्याशिवाय चालू होत नाही. प्लग आणि एअर फिल्टर नवीन घातले, कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला. दुरुस्ती करणाऱ्याने सीटखालचा स्विच बाद करून वायरी परस्पर जोडून दिल्या. तेव्हापासून खड्ड्यात बंद पडणे थांबले, परंतु तापल्यावरचे बंद पडणे तसेच आहे. आता तो नवीन कार्ब्युरेटर घालायला सांगतो आहे. घालावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. नवीन कार्ब्युरेटर तूर्त घेऊ नका. तो निर्दोषच आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु दोनदा साफ करूनही ज्याच्या वागण्यात काडीचा फरक पडला नाही, त्याच्यावरच पुन्हा खर्च करावा असा एकही पुरावा आपल्या पत्रात मला आढळला नाही. उलट आपण जे बारकाईने लिहिले आहे, त्यातच या दुखण्याची अर्धी उकल आहे.

आपण तक्रार एक म्हणून लिहिली आहे, पण दुखणी दोन आहेत. खड्ड्यात चाक आदळताच इंजिन एकदम बंद होणे आणि किल्ली फिरवताच पुन्हा चालू होणे, हे एक. आणि बराच वेळ व्यवस्थित चालून, तापल्यावर बंद पडणे व गार झाल्याशिवाय न उठणे, हे दुसरे. स्विच बाद केल्यावर पहिले गेले आणि दुसरे जागच्या जागी राहिले, याचा अर्थ दोघांचे मूळ वेगळे आहे आणि पहिल्याचे मूळ त्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरींमध्ये होते, हे आता जवळजवळ सिद्धच झाले आहे. आजवर दोन्ही लक्षणे एकाच कारणात बसवण्याची धडपड चालली होती, म्हणून कोणतेच कारण धड बसत नव्हते.

त्या स्विचविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, आणि बाकी काही करण्याआधी ते करावे अशी विनंती आहे. या ट्रॅक्टरच्या पोटाखाली पाती फिरतात. पाती चालू असताना चालवणारा सीटवरून उठला किंवा पडला, तर इंजिन त्याच क्षणी बंद व्हावे एवढ्यासाठीच तो स्विच बसवलेला असतो. आज तो बाद आहे. म्हणजे उतारावर आपला तोल जाऊन आपण खाली आलात, तरी ट्रॅक्टर पाती फिरवत चालतच राहील. स्विच बाद करून पाहणे ही दोन मिनिटांची तपासणी म्हणून ठीक होती, आणि तिने आपल्याला उपयोगी माहितीही दिली. परंतु ती दुरुस्ती नव्हे. सीट उचलून पाहा. तिच्याखालची स्प्रिंग गंजून मऊ पडली आहे का, सीटचा फोम दबून गेल्यामुळे स्विचचा दट्ट्या पुरता दाबला जात नाही का, स्विचच्या जोडणीत हिरवट पूड धरली आहे का, आणि सीट उघडमीट होते त्या बिजागरीपाशी वायर घासून तांबे दिसू लागले आहे का, हे डोळ्यांनीच कळते. स्विच काढून मल्टीमीटरला जोडा आणि दट्ट्या दाबून धरून किंचित हलवा; दाबलेल्या अवस्थेत रीडिंग लुकलुकत असेल तर स्विच बदला. तो लहानसा भाग आहे. बदलताना जुना दाखवूनच नवीन घ्या, कारण काही स्विच बसल्यावर जोडले जातात आणि काही बसल्यावर तुटतात, दिसायला मात्र दोन्ही सारखेच असतात. दुरुस्तीनंतर सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करून, पाती चालू करून, पाय पायदानावरच ठेवून सीटवरून अंग थोडे उचला. इंजिन बंद पडले पाहिजे. ते पडत नाही तोवर गवत कापायला जाऊ नका.

आता तापल्यावरच्या दुखण्याकडे वळू. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची खरी अडचण ही, की दुरुस्ती करणारा येईपर्यंत इंजिन गार होते आणि त्याच्यासमोर ठणठणीत चालते. दोष हजर नसताना केलेल्या तपासणीतून काहीच हाती लागत नाही, आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलणे सुरू होते. ताप अंगात असतानाच थर्मामीटर लावावा लागतो, आणि आपल्या इंजिनाच्या बाबतीत तो ताप बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच अंगात असतो. आजवर ती मिनिटे आपण इंजिन गार होण्याची वाट पाहण्यात घालवलीत. यापुढे तीच मिनिटे तपासणीला द्यायची आहेत, आणि त्यासाठी तयारी आधी करून ठेवायची आहे.

पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, या तीन गोष्टी मिळाल्या की इंजिन चालते. आपले इंजिन बंद पडते तेव्हा या तिन्हींपैकी एक निसटते. कोणती निसटते, एवढेच आधी ठरवायचे; ती का निसटते हा पुढचा प्रश्न.

पहिला साक्षीदार आपला कान आहे. बंद पडतानाचा आवाज कसा असतो ते आपण लिहिलेले नाही, म्हणून तो या खेपेस मुद्दाम ऐका. किल्ली फिरवून बंद करावे तसे इंजिन क्षणात गप्प होत असेल, तर संशय करंटवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या विजेवर, घ्यावा. उलट आधी जोर कमी होतो, आवाज वरखाली होऊ लागतो, गचके येतात, एखादा फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि मग इंजिन दम सोडते, असे होत असेल तर त्याला पेट्रोल कमी पडते आहे. पेट्रोल सहसा एकदम तुटत नाही, कारण कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असतो आणि तो संपेपर्यंत इंजिन धडपडत राहते. अशी धडपड सुरू होताच चोक अर्धा ओढून पाहा. चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रण दाट होते. चोक ओढल्यावर इंजिन काही क्षण जरी सावरले, तरी पेट्रोल कमी येते आहे हे नक्की समजा. उलट चोक ओढताच ते लगेच गुदमरले, तर पेट्रोलकडे फारसे पाहण्याची गरज नाही.

या नियमाला एक अपवाद ध्यानात ठेवावा. बऱ्याच इंजिनांत फ्लोट चेंबरच्या तळाशी विजेवर चालणारा छोटा सोलेनॉइड असतो. किल्ली चालू आहे तोवर बॅटरीचे १२ व्होल्ट त्याला मिळतात आणि तो पेट्रोलची वाट उघडी ठेवतो. त्याची वायर सैल झाली किंवा त्याच्या फ्यूजची बैठक गंजली, की पेट्रोल थेट जेटच्या, म्हणजे ते ज्या बारीक भोकातून वर जाते त्याच्या, तोंडाशीच अडते, इंजिन एक-दोन सेकंदांत बंद पडते आणि दोष करंटचा वाटतो. किल्ली चालू-बंद करताना कार्ब्युरेटरजवळ कान नेला तर ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. गार इंजिनावर तो आवाज कसा येतो ते आज ऐकून ठेवा. बंद पडल्यावर पुन्हा ऐका. तेव्हा आवाज आला नाही, तर शोध तिथेच संपला.

दुसऱ्या साक्षीसाठी सोबत एक माणूस हवा, कारण सीटवर बसून किल्ली फिरवणारा आणि इंजिनाजवळ पाहणारा, असे हे दोघांचे काम आहे. प्लगचा पाना, एक जादा प्लग, हातमोजे, काचेची स्वच्छ बरणी आणि वेळ टिपायला वही एवढे जवळ ठेवा. मोकळ्या जागेतच काम करा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घेरतो तेव्हा कळतही नाही. नेहमीसारखे गवत कापत राहा, आणि इंजिन बंद पडताच पाती व किल्ली बंद करून हँडब्रेक लावा. नंतरचा क्रम असा ठेवा.

सर्वांत आधी टाकीचे झाकण हलकेच सैल करा आणि कान द्या. हवा आत खेचली गेल्याचा ‘स्स्’ असा आवाज आला, तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले आहे. इंजिन टाकीतून पेट्रोल घेत राहते, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही, टाकीत निर्वात धरत जातो आणि शेवटी पेट्रोल पुढे सरकेनासे होते. मग उभे राहिल्यावर हळूहळू हवा झिरपते आणि सगळे पुन्हा सुरळीत होते. चालण्याचा आणि थांबण्याचा आपण लिहिलेला काळ या कारणालाही तंतोतंत जुळतो, म्हणून मी ते पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे. तपासणीला काही खर्च नाही. मात्र त्या वेळी इंजिन व सायलेन्सर तापलेले असतात, म्हणून झाकण सैल करण्यापलीकडे काही करू नका. पेट्रोल ओतू नका, आणि पुढची पायरी घेण्याआधी झाकण पुन्हा घट्ट बसवा.

टाकीखाली किंवा नळीवर पेट्रोलचा नळ असेल तर तो लगेच बंद करा. यामागचे कारण सांगतो. इंजिन बंद पडले त्या क्षणी फ्लोट चेंबरमध्ये किती पेट्रोल होते, हे आपल्याला नंतर पाहायचे आहे. नळ उघडा राहिला तर पाव तासात चेंबर भरून जाईल आणि पुरावा नाहीसा होईल.

मग ठिणगी पाहा. प्लगची टोपी काढून तिच्यात जादा प्लग बसवा आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकेल असा ठेवा. मूळ प्लग त्याच्या जागीच राहू द्या, कारण ते भोक उघडे ठेवले तर त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पाडायची आहे. सोबत्याने सीटवर बसून, ब्रेक दाबून, सेल्फ मारावा. निळसर, ठसठशीत, कडकड वाजणारी ठिणगी पडत असेल तर करंट ठीक आहे. ठिणगी पिवळी, मधूनमधून पडणारी असेल किंवा पडतच नसेल, तर वाट करंटची. त्यानंतर हातमोजे घालून मूळ प्लग काढून पाहा. पेट्रोलने ओला निघाला तर पेट्रोल येत होते, पेटत नव्हते. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नव्हते. आवाज, ठिणगी आणि प्लगचे तोंड या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्यात, की उरलेले काम निम्म्याहून कमी होते.

समजा साक्ष पेट्रोलच्या बाजूने लागली. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि मग फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल बरणीत घ्या. चेंबर भरलेले निघाले तर टाकीपासून चेंबरपर्यंतची वाट मोकळी आहे आणि दोष जेटमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये शोधावा. रिकामे किंवा चार थेंबांचे निघाले, तर कार्ब्युरेटर उघडण्याची घाई नको, अडथळा बहुधा त्याच्या आधी आहे. बरणी उजेडात धरून थोडी फिरवा. पाणी असेल तर ते तळाशी काचेच्या मण्यांसारखे गोळा होऊन लोळते, पेट्रोलमध्ये मिसळत नाही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल धरते आणि महिनोन्‌महिने पडून राहिल्यास त्यातले पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. असे झाले असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरण्यावाचून दुसरा इलाज नाही. तपकिरी, वार्निशासारखा वास येणारे पेट्रोलही काढूनच टाका.

नंतर कार्ब्युरेटरकडची नळी सोडून तिचे तोंड पेट्रोल साठवायच्या डब्यात धरा. टाकी वर असेल आणि पेट्रोल आपोआप उतरत असेल, तर धार एकसारखी पडली पाहिजे, आणि टाकीचे झाकण घट्ट असतानाही दोन-तीन मिनिटे तशीच राहिली पाहिजे. टाकी खाली असून मध्ये पंप असेल, तर प्लगची टोपी काढून ठेवून सेल्फ मारल्यावर ठोक्याठोक्याने जोरदार पिचकारी आली पाहिजे. हा पंप बहुधा विजेवर चालत नाही. क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या, हवेच्या ठोक्यांवर त्याचा रबरी पडदा हलतो. म्हणून क्रँककेसकडून पंपाला येणाऱ्या नळीला चीर गेली, की पंप गार असताना कसाबसा काम करतो आणि रबर तापून मऊ झाल्यावर हात टेकतो. तोच पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून हुंगा. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पंप किंवा कार्ब्युरेटरची नीडल (चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई) दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत इंजिन अजिबात चालवू नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही.

धार मंद असेल तर फिल्टर बदला, आणि नळीही बदला. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तिचे अस्तर सुटून झडपेसारखे वागते. नळी सायलेन्सरच्या अगदी जवळून गेली असेल, तर तिच्यात पेट्रोलची वाफ धरून प्रवाह अडतो. तिला दूरच्या वाटेने न्यावे. टाकीत टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. हे मी आग्रहाने लिहितो, कारण एका यंत्रावर मी स्वतः तीन दिवस घालवले होते. अर्धा तास चालून ते बंद पडायचे, आणि मी झाकण, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर अशा क्रमाने सगळे पाहून बसलो होतो. शेवटी टाकी खाली काढून उलटी केली, तेव्हा पेट्रोलच्या डब्याच्या तोंडावर असतो तो पातळ चकतीसारखा पापुद्रा, नखाएवढा, शेवटच्या घोटाबरोबर बाहेर आला. इंजिन चालू असताना तो खेचला जाऊन टाकीच्या तळाच्या भोकावर बसायचा आणि ओढ थांबली की अलगद तरंगून बाजूला व्हायचा. म्हणजे पाहायला गेलो की वाट मोकळीच दिसायची. तेव्हापासून टाकी आतून पाहिल्याशिवाय मी कार्ब्युरेटर उघडत नाही.

आता समजा साक्ष करंटच्या बाजूने लागली, ठिणगी नाही आणि प्लग ओला. अशा वेळी बहुतेक जण कॉइलला दोष देतात, आणि कॉइल खरोखरच या लक्षणाची सराईत गुन्हेगार आहे. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, बसवलेला मॅग्नेट कॉइलसमोरून जातो आणि तिच्यात करंट तयार होतो. कॉइलच्या आतली तार केसासारखी बारीक असते आणि सगळे रेझिनमध्ये ओतून बंद केलेले असते. त्यात कुठे चीर गेली, तर उष्णतेने फुगून जोड सुटतो आणि गार झाला की पुन्हा चिकटतो. म्हणूनच गार कॉइल मीटरवर निर्दोष ठरते आणि मालकाला वाटते, आपण उगाच शंका घेतली. खूप जुन्या इंजिनांत ठिणगीची वेळ साधायला पॉइंट आणि कंडेन्सर असतात. तिथला कंडेन्सरही हीच खोड करतो.

तरीही कॉइल विकत आणण्याआधी एक तपासणी बाकी राहते, आणि ती टाळल्यामुळे अनेक चांगल्या कॉइल फेकल्या जातात. कॉइलवरून एक बारीक वायर किल्लीकडे आणि सुरक्षेच्या सगळ्या स्विचांकडे जाते. तिला किल वायर म्हणतात. ही वायर बॉडीला टेकली, म्हणजे अर्थ झाली, की ठिणगी थांबते. किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबते ते याच मार्गाने. या वायरचे आवरण कुठे घासले असेल, विशेषतः पंख्याच्या आवरणाच्या कडेपाशी किंवा फ्रेमच्या वळणावर, तर तापल्यावर आवरण मऊ होऊन किंवा थरथरीने ती टेकते आणि लक्षण हुबेहूब बिघडलेल्या कॉइलचे दिसते. आपल्याकडे सीटच्या वायरी एकदा हाताळल्या गेल्या आहेत, त्यामुळे ही शक्यता मी गांभीर्याने घेईन. तपासणी अशी : इंजिन गार असताना किल वायर कॉइलवरून काढा, तिचे टोक टेपने गुंडाळा आणि ट्रॅक्टर सपाट जागी, हँडब्रेक लावून, पाती बंद ठेवून जागेवरच चालू करा. या स्थितीत सुरक्षेचा एकही स्विच काम करत नाही, आणि किल्लीने इंजिन थांबेलच असेही नाही. म्हणून ते पेट्रोलचा नळ बंद करून किंवा पूर्ण चोक देऊन थांबवायचे, हे आधीच ठरवून ठेवा. अर्धा-पाऊण तास मधल्या वेगावर चालू द्या. तापल्यावरही चालत राहिले तर कॉइल वाचली, दोष वायरिंगमध्ये आहे. वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपत जा, आणि किल्लीचा स्विच, ब्रेकचा स्विच, पात्यांचा स्विच यांच्या जोडण्या उघडून पाहा. काही इंजिनांत ऑइल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा स्विचही याच साखळीत असतो. ऑइल कमी झाले असेल तर उतारावर तो काम दाखवतो, म्हणून पातळी भरून घ्या. वायर काढूनही इंजिन तसेच बंद पडले आणि ठिणगी गेलेली असली, तर कॉइल निःशंक बदला. तपासणी संपताच किल वायर परत जोडायला विसरू नका.

नवीन कॉइल बसवताना तिचे पाय आणि मॅग्नेट यांच्यातली फट मोजून ठेवावी लागते. पुष्कळशा छोट्या इंजिनांत ती ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असते, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी. तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडाच खरा धरा. कार्ड मध्ये ठेवून, मॅग्नेटने कॉइल ओढून घेतली की स्क्रू आवळायचे आणि फ्लायव्हील हाताने फिरवून कार्ड काढून घ्यायचे.

कॉइल का गेली, हेही पाहिले पाहिजे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा म्हणजे फ्लायव्हीलच असते. तो वरच्या जाळीतून हवा ओढतो आणि सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून, ढकलतो. गवत कापणाऱ्या यंत्रात त्या हवेबरोबर गवताचा भुगा येतो, ऑइलच्या ओशटपणावर चिकटतो आणि फिन्समधल्या फटी नमद्यासारख्या भरून जातात. बाहेरून काही दिसत नाही. पंख्याचे आवरण चार-पाच बोल्ट काढून उचलले की आत वाळलेल्या गवताचा थरच्या थर, कधी उंदराचे घरटे सुद्धा, सापडते. आपण प्लग, फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांचा उल्लेख केला आहे, या आवरणाचा केलेला नाही. म्हणून साक्ष पेट्रोलची लागो वा करंटची, हे आवरण एकदा उघडाच. लाकडी पट्टीने आणि ब्रशने साफ करा. हवेचा फवारा असेल तर वापरा, पाणी मारू नका. जास्तीची उष्णता पेट्रोलच्या नळीला, कॉइलला आणि व्हॉल्व्हला सारखीच बाधते.

ठिणगी चांगली, पेट्रोलही पोचते आहे आणि तरीही गरम इंजिन उठत नाही, अशी स्थिती आली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, पाहून घ्या. सेल्फ मारताना गरम इंजिन नेहमीपेक्षा हलके, सरसर फिरते का ते पाहा. टॅपेटची फट फार कमी राहिली असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब निसटतो. फट मोजणे हे गार इंजिनावरचे, फिलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे) काम आहे, आणि हाताला सवय नसेल तर ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. आपल्या लक्षणांवरून मला ही शक्यता मागच्या रांगेतली वाटते.

या सगळ्या कामात पात्यांजवळ हात नेण्याआधी प्रत्येक वेळी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. फ्लायव्हील हाताने फिरवतानाही हे करा. गरम इंजिन एका झटक्यातही चालू होऊ शकते.

आपल्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता : आज सीटचा स्विच आणि पंख्याच्या आवरणाखालची सफाई, उद्या गवत कापत इंजिन बंद पडू देणे आणि पहिल्या मिनिटाची साक्ष, आणि नंतरच त्या साक्षीप्रमाणे पेट्रोलची किंवा करंटची वाट. दोष सापडून दुरुस्त झाल्यावर, उन्हाच्या वेळी, पूर्ण टाकी संपेपर्यंत गवत कापून पाहा. अर्धा तास चालले म्हणून बरे झाले असे मानू नका, कारण आजारी असतानाही ते २५ मिनिटे चालतच होते. एवढे करूनही बंद पडले तर पुन्हा अवश्य लिहा, आणि लिहाल तेव्हा वहीतल्या तीन गोष्टी तेवढ्या कळवा : बंद पडतानाचा आवाज कसा होता, ठिणगी कशी होती, आणि प्लग ओला निघाला की कोरडा.